फ्रेंच पाककृतीतील 'सोते' : व्युत्पत्ती, व्याकरण आणि वापरण्याची रीत

फ्रेंच पाककृती मुळातून वाचू लागलेल्या मराठी माणसाला अगदी सुरुवातीलाच भेटणाऱ्या क्रियापदांपैकी एक म्हणजे 'सोते', स्वयंपाकात 'परतणे' या अर्थाने येणारे. पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारे विद्यार्थी, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रांसेझमध्ये पुढचे वर्ग करणारे, आणि हॉटेल व्यवस्थापन शिकणारे असे तिघेही या शब्दापाशी येतात, परंतु बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख इंग्रजीतून झालेली असते. उपाहारगृहाच्या मेनूवरचे 'सॉटे व्हेजिटेबल्स' डोक्यात घेऊन फ्रेंच वाक्य रचायला बसले की वाक्य हमखास बिघडते, कारण इंग्रजीने या क्रियापदाचे एक रूप उचलून त्याचे व्याकरण मागे ठेवले आहे. मराठीचे प्रयोजक क्रियापद मनात धरून याच शब्दाकडे पाहिले, तर त्याची रचना फार लवकर उमगते. पुढील मार्गदर्शन त्याच वाटेने जाते.

आधी उच्चार. मूळ क्रियापदाचे स्पेलिंग एस-ए-यू-टी-ई-आर असे असून त्यातील 'ए-यू' या जोडीचा उच्चार 'ओ' होतो, आणि शेवटच्या 'ई-आर'चा उच्चार 'ए' होतो. फ्रेंचमधला 'टी' दंत्य आहे, म्हणजे जीभ दातांना लावून उच्चारलेला आपला 'त'. इंग्रजी उच्चाराच्या सवयीने आपण त्या जागी 'ट' म्हणतो, वास्तविक मराठी जिभेला तो 'त' जन्मापासून येतो. म्हणून 'सॉटे' म्हणण्याची सवय सोडून 'सोते' म्हणावे. या लेखात सर्व फ्रेंच शब्द त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. जिथे स्पेलिंगमुळे अर्थ बदलतो तिथे अक्षरे वेगळी सांगितली आहेत.

शब्द कुठून आला

'सोते' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'उडी मारणे' असा आहे, आणि आजही स्वयंपाकघराबाहेर त्याचा हाच अर्थ आहे. ते लॅटिन 'साल्तारे' या क्रियापदापासून आले. 'साल्तारे' हे स्वतः 'सालीरे', म्हणजे उडी मारणे, या आणखी जुन्या क्रियापदापासून बनलेले पौनःपुन्यदर्शक रूप होते. क्रिया पुन्हा पुन्हा घडते हे सांगणारी अशी रूपे लॅटिनमध्ये सर्रास बनत. 'कानेरे' म्हणजे गाणे, त्यापासून 'कान्तारे', आणि त्यापासून फ्रेंच 'शांते'. ज्यांनी शाळेत किंवा महाविद्यालयात संस्कृत घेतले आहे त्यांना यङन्त रूपे आठवतील, कल्पना साधारण तीच आहे. वारंवार उडी मारणे म्हणजे नाचणे, या वाटेने लॅटिनमध्ये 'साल्तारे'चा अर्थ 'नृत्य करणे' असा स्थिरावला. फ्रेंचमध्ये नाचण्यासाठी वेगळे क्रियापद रूढ झाले आणि 'सोते' पुन्हा उडीकडे वळले. 'सालीरे'पासून आलेले 'सायीर' मात्र उडीचा अर्थ सोडून 'पुढे आलेले असणे, बाहेर डोकावणे' या अर्थाकडे गेले.

तव्यातले तुकडे पुन्हा पुन्हा उडतात, म्हणून स्वयंपाक्यांनी पौनःपुन्याचे रूप मुद्दाम निवडले असेल, असा तर्क कोणाला सुचेल. तो आकर्षक असला तरी टिकत नाही. स्वयंपाकातला अर्थ रूढ होईपर्यंत फ्रेंच माणसाच्या कानाला 'सोते'मधले पौनःपुन्य ऐकू येणे केव्हाच थांबले होते, त्याच्यासाठी ती साधी उडी होती.

'साल्तारे'मधला 'ल' कुठे गेला, हा प्रश्न मात्र अभ्यासकाने अवश्य विचारावा, कारण त्याचे उत्तर एकदा कळले की फ्रेंचमधले कितीतरी शब्द एकाच वेळी उलगडतात. व्यंजनापूर्वी येणारा 'ल' जुन्या फ्रेंचमध्ये हळूहळू 'उ'सारखा उच्चारला जाऊ लागला, मग आधीचा 'अ' आणि हा 'उ' मिळून जोडस्वर झाला, आणि पुढील शतकांत त्या जोडस्वराचा 'ओ' झाला. लिखाणात मात्र 'ए-यू' तसेच राहिले. 'आल्तेर'पासून 'ओत्र' म्हणजे दुसरा, 'काल्दुस'पासून 'शो' म्हणजे गरम, 'फाल्सुस'पासून 'फो' म्हणजे खोटा, हे सर्व याच नियमाने घडले. 'सोस', म्हणजे सॉस, हा शब्दही याच नियमाचा आहे. तो लॅटिन 'साल्सा'पासून, म्हणजे 'खारवलेली' या अर्थाच्या शब्दापासून आला आणि त्याच्या मुळाशी मीठ आहे. 'सोते' आणि 'सोस' एकाच पानावर वारंवार शेजारी येतात आणि सारखे दिसतात, परंतु एकाच्या पोटात उडी आहे आणि दुसऱ्याच्या पोटात मीठ. दोघांचे नाते केवळ ध्वनिबदलापुरते आहे.

या कुळातले आणखी काही शब्द लक्षात ठेवले तर मूळ अर्थ विसरला जात नाही. 'सो' म्हणजे उडी, 'सोतरेल' म्हणजे नाकतोडा किंवा टोळ, 'स्युरसोते' म्हणजे दचकून उडणे, आणि 'आसो' म्हणजे हल्ला, अंगावर घेतलेली झेप. शेजारच्या भाषांनीही हीच प्रतिमा स्वयंपाकात वापरली आहे. इटालियनमध्ये 'साल्तारे इन पादेल्ला' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'साल्तेआर'. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमधून गेला, तोही धातुसाधित विशेषणाच्या रूपात. मग इंग्रजीने त्या विशेषणालाच क्रियापद मानून त्याला पुन्हा भूतकाळाचा प्रत्यय जोडला. इंग्रजीवाटे शिकणाऱ्याचा गोंधळ येथून सुरू होतो.

उडणारा कोण आणि उडवणारा कोण

फ्रेंचमध्ये 'सोते' हे मुळात अकर्मक क्रियापद आहे. उडी मारतो तो बटाटा, स्वयंपाकी त्याला उडी मारायला लावतो. त्यामुळे 'बटाटे परता' असे सांगताना फ्रेंच माणूस बटाट्याच्या क्रियापदाआधी आपले स्वतःचे क्रियापद ठेवतो. ते क्रियापद म्हणजे 'फेर', अर्थात करणे. 'फेर सोते ले पॉम द तेर' याचा अक्षरशः अर्थ 'बटाट्यांकडून उडी मारण्याची क्रिया करवणे' असा होतो.

मराठी वाचकाला यात परके काही नाही. भात शिजतो आणि आपण तो शिजवतो. पतंग उडतो आणि आपण तो उडवतो. मराठी हे काम धातूला 'अव' जोडून करते, फ्रेंच तेच काम वेगळा शब्द पुढे ठेवून करते, आणि स्वयंपाकाच्या भाषेत तर पदोपदी करते: 'फेर बुयीर' म्हणजे उकळवणे, 'फेर फोंद्र' म्हणजे वितळवणे, 'फेर दोरे' म्हणजे सोनेरी रंग आणणे, 'फेर क्युइर' म्हणजे शिजवणे. तेव्हा 'फेर सोते' म्हणजे 'उडवणे' हे समीकरण मनात पक्के करावे. ते किती नेमके आहे याची खूण अशी की, फ्रेंचमध्ये सुरुंग लावून पूल उडवण्यालाही 'फेर सोते' हेच म्हणतात, आणि मराठीतही पूल उडवलाच जातो.

'फेर' न लावता 'सोते'ला थेट कर्म दिले तर अर्थ वेगळ्याच दिशेला जातो. 'सोते अं रपा' म्हणजे एक वेळचे जेवण चुकवणे. ओळ गाळणे, पान गाळणे, पायरी ओलांडून जाणे, हे सर्व अर्थ या सकर्मक 'सोते'चे आहेत. व्यावसायिक पाकशाळांच्या त्रोटक टिपणांत 'सोते ले शांपिन्यों', म्हणजे अळंबी परतणे, अशी थेट रचना आढळते आणि ती चूक नव्हे. तिथे संदर्भ स्वयंपाकाचाच असल्यामुळे अर्थ सुटत नाही. तरीही नव्याने शिकणाऱ्याने स्वतः लिहिताना 'फेर' सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आणखी एक सूचना येथेच देऊन ठेवतो. या सकर्मक 'सोते'च्या कर्मस्थानी माणूस कधीही ठेवू नये, बोलीभाषेत तो प्रयोग अश्लील होतो.

क्रियापद चालवताना मेहनत कुठे करावी हे आता उघड होते. 'सोते' स्वतः पहिल्या गटातले, अगदी नियमित क्रियापद आहे. 'झ सोत, त्यु सोत, ईल सोत, नू सोतों, वू सोते, ईल सोत' एवढे पाठ केले की वर्तमानकाळ संपला. पण 'फेर सोते' या जोडीत ते चालवावे लागतच नाही, ते मूळ रूपात स्थिर राहते आणि काळ, पुरुष, वचन यांचा सगळा भार 'फेर' उचलते. ते मात्र अनियमित आहे: 'झ फे, त्यु फे, ईल फे, नू फझों, वू फेत, ईल फों'. यातले 'वू फेत' विशेष लक्षात ठेवावे. 'वू' या सर्वनामाबरोबर बहुतेक सर्व क्रियापदांच्या अंती 'ए' ऐकू येतो, पण असणे, म्हणणे आणि करणे या तीन अर्थांची क्रियापदे 'एत, दीत, फेत' अशी वेगळी चालतात. पाककृतीत 'फेत' हे रूप सर्वांत जास्त वेळा येते, म्हणून या अपवादाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही.

शब्दांचा क्रम हा पुढचा टप्पा. 'फेर' आणि 'सोते' हे लिहिताना दोन शब्द असले तरी वाक्यात ते एका शब्दासारखे वागतात आणि त्यांच्यामध्ये नाम शिरू शकत नाही. 'फेर सोते ले शांपिन्यों' बरोबर. 'फेर ले शांपिन्यों सोते' हे इंग्रजी वळणाचे वाक्य फ्रेंचमध्ये चालत नाही. मराठीत 'उडवणे'च्या मध्ये 'अळंबी' घालता येत नाही, तसेच हे आहे. 'नीट, चांगले' अशा अर्थाची क्रियाविशेषणे मात्र मध्ये बसतात.

नामाऐवजी सर्वनाम आले की ते 'फेर'च्या आधी जाते: 'झ ले फे सोते', म्हणजे मी त्यांना परततो. होकारार्थी आज्ञेत तेवढे सर्वनाम 'फेर'च्या मागे, जोडरेघ देऊन, लिहिले जाते: 'फेत-ले सोते'. आज्ञा नकारार्थी झाली की ते पुन्हा पुढे सरकते: 'न ले फेत पा सोते'. मूळ रूपाने आज्ञा दिली असेल तर 'ले फेर सोते'. चारही वाक्यांत सर्वनाम 'फेर'ला चिकटते, 'सोते'ला कधीच नाही. एवढे पाहिले तरी परीक्षेतल्या बऱ्याच चुका टळतील.

आज्ञा द्यायची कशी, याबद्दलही फ्रेंच पाककृतींत दोन पद्धती आहेत. एक पद्धत मूळ रूपाची, 'फेर सोते', आणि दुसरी आदरार्थी आज्ञेची, 'फेत सोते'. छापील मराठी पाककृतीत 'कांदा बारीक चिरावा, तुपावर परतावा' अशी विध्यर्थी, कोणालाही थेट न उद्देशणारी भाषा असते. फ्रेंच मूळ रूपाचे वजन साधारण तेच आहे. 'फेत सोते' म्हणजे 'परता', समोरच्या माणसाला आदराने सांगितलेले. भाषांतर करताना हा भेद जपावा, आणि स्वतः लिहिताना एका पाककृतीत एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी.

भूतकाळातील एक अवघड जागा

आता या क्रियापदातील सर्वांत नाजूक नियमाकडे वळतो. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते: मी कांदा परतला, मी मिरची परतली, मी बटाटे परतले. फ्रेंचमध्येही कर्म क्रियापदाच्या आधी आलेले असेल तर भूतकालवाचक धातुसाधित त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'मी कापलेले बटाटे' म्हणायचे तर 'ले पॉम द तेर क झे कुपे' असे म्हणतात, आणि बटाटा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी असल्याने 'कुपे'च्या स्पेलिंगला एक जादा 'ई' आणि अनेकवचनाचा 'एस' लागतो. मराठी विद्यार्थ्याला हा नियम इतरांपेक्षा सोपा जातो, कारण त्याच्या भाषेत ही जुळवाजुळव रोजची आहे.

नेमके याच सवयीमुळे पुढे पाय घसरतो. 'मी परतलेले बटाटे' म्हणजे 'ले पॉम द तेर क झे फे सोते', आणि येथे 'फे'च्या स्पेलिंगमध्ये काहीही बदल होत नाही. ते एफ-ए-आय-टी असेच राहते. नियम असा की, 'फेर'च्या धातुसाधितापुढे दुसरे क्रियापद मूळ रूपात आले तर ते धातुसाधित अविकारी असते. याचे कारण पाहिले तर नियम पाठ करावा लागत नाही. बटाटे हे एकट्या 'फेर'चे कर्म नाहीत. मी बटाटे 'केले' नाहीत, मी त्यांचे उडणे घडवून आणले. 'लेसे', म्हणजे होऊ देणे, या क्रियापदापुढे मूळ रूप आले तर काय करावे यावर पूर्वी बराच खल होत असे. १९९० च्या शुद्धलेखन-सुधारणांनी तेही 'फेर'प्रमाणे अविकारी ठेवण्याची शिफारस केली.

विशेषण आणि नाम म्हणून

ताटातल्या पदार्थाचे वर्णन करताना 'फेर' पूर्ण गळून पडते आणि 'सोते'चे धातुसाधित विशेषणासारखे नामामागे बसते. अंती 'ई'वर उजवीकडून डावीकडे उतरणारे 'आक्सां तेग्यू' हे चिन्ह येते आणि ते नामाप्रमाणे बदलते. 'पुले सोते', म्हणजे परतलेली कोंबडी, येथे नाम पुल्लिंगी एकवचनी असल्याने काही जोडायचे नाही. 'शांपिन्यों सोते' यात 'एस' जोडायचा. 'व्यांद सोते', म्हणजे परतलेले मांस, यात स्त्रीलिंगाचा 'ई', आणि 'पॉम द तेर सोते' यात दोन्ही. चारही रूपांचा उच्चार हुबेहूब एकच आहे, त्यामुळे ऐकून कधीच चूक लक्षात येत नाही आणि लिहिताना हटकून होते. पुण्यातील ज्या उपाहारगृहांना मेनूवर फ्रेंच नावे छापायची हौस आहे, त्यांनी छापण्यापूर्वी निदान एवढे तरी तपासून घ्यावे.

नाम म्हणून 'अं सोते' आले की अर्थ थोडा सरकतो. 'सोते द वो' म्हणजे वासराच्या मांसाचे तुकडे आधी चरबीत परतून मग रसात शिजवलेला पदार्थ. विशेषण कोरड्या परतण्याकडे बोट दाखवते, तर नामात बहुधा रस्सा असतो.

'रव्नीर', अर्थात परतणे

मराठी वाचकासाठी या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हा आहे. फ्रेंच पाककृतीत 'फेर सोते'च्या बरोबरीने 'फेर रव्नीर' ही जोडी येते: 'फेत रव्नीर लेझोन्यों', म्हणजे कांदे परतून घ्या. 'रव्नीर'चा रोजचा अर्थ 'परत येणे' असा आहे. इंग्रजीतून येणाऱ्याला हे वाक्य 'कांद्यांना परत यायला लावा' असे विचित्र वाटते आणि तो शब्दकोश उघडतो. मराठी माणसाने मात्र शब्दकोश न उघडता आपले क्रियापद आठवावे. माणूस गावाहून परततो आणि बाई कांदा परतते. दोन भाषांनी एकमेकींपासून काहीही न घेता परत येण्याचे आणि तेला-तुपात वरखाली करण्याचे काम एकाच क्रियापदावर सोपवले आहे. मराठीतील दोन्ही अर्थांच्या तळाशी वळणे आहे, वाटसरू वळतो आणि कालथ्याखाली कांदा वळतो.

व्याकरणात मात्र दोन्ही भाषा वेगळ्या होतात. मराठी 'परतणे' हे 'उकळणे'सारखे उभयविध आहे, म्हणजे ते कर्माशिवायही चालते आणि कर्मासहही, वेगळा प्रत्यय लावावा लागत नाही. 'परतवणे' हे प्रयोजक रूप आपण हल्ला परतवण्यासाठी राखून ठेवले आहे. फ्रेंच 'रव्नीर' सदैव अकर्मक असल्याने त्याला कांद्यापर्यंत पोचायला 'फेर' लागतेच. आणखी एक फरक सहाय्यक क्रियापदाचा. 'मी परत आलो' म्हणताना 'रव्नीर' असण्याचे सहाय्यक घेते, 'झ स्युई रव्न्यु'. पण 'मी परतून घेतले' म्हणताना 'झे फे रव्नीर' होते, कारण आता काळ 'फेर'चा आहे आणि 'फेर' नेहमी 'आव्वार', म्हणजे जवळ असणे, हे सहाय्यक घेते.

'फेर सोते' आणि 'फेर रव्नीर' यांच्या कामातही भेद आहे. 'सोते'मध्ये आच मोठी असते आणि बहुधा पदार्थ तिथेच पूर्ण होतो. 'रव्नीर' ही पूर्वतयारी असते: कांदा किंवा मांस तेला-लोण्यावर रंग येईपर्यंत परतायचे आणि मग त्यावर रस, पाणी किंवा इतर जिन्नस घालायचे. तिसरी पायरी 'फेर स्युए', अर्थात घाम आणणे, यात मंद आचेवर, बहुधा झाकण ठेवून, रंग न येऊ देता कांद्याचे पाणी सोडवायचे असते. मराठी या तिन्हींना क्रियापदाने वेगळे करत नाही, क्रियाविशेषणाने करते. म्हणून भाषांतर करताना 'फेर सोते'ला 'मोठ्या आचेवर परतणे', 'फेर रव्नीर'ला 'गुलाबी किंवा सोनेरी होईपर्यंत परतणे', आणि 'फेर स्युए'ला 'झाकण ठेवून मऊ करणे' असे लिहावे. तिन्हींना नुसते 'परतणे' लिहिल्यास पाककृती अपुरी राहते.

येथे व्युत्पत्तीची थोडी पुरवणी जोडावीशी वाटते. 'रव्नीर'मधील 'वेनीरे' या लॅटिन क्रियापदाचे मूळ आणि संस्कृत 'गम्' एकाच आदिम धातूपासून आले आहेत. 'स्युए' आणि 'स्वेद', 'क्युइर' आणि 'पच्', इतकेच काय 'फेर' आणि 'धा' यांचेही तसेच नाते आहे. आपण ज्याला 'पाक' म्हणतो आणि फ्रेंच ज्याला 'क्युइझीन' म्हणतात, ते दोन्ही शब्द एका धातूची दूरची अपत्ये आहेत.

आच आणि उडी

क्रियापदात उडी का आहे, हे तव्यापाशी उभे राहून समजून घ्यावे, कारण कृती कळली की शब्दयोजना चुकत नाही. अन्नाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे तो बिंदू ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. खरपूस रंग आणि वास देणारी जी प्रक्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, तिला मात्र साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता मिळाली तरच वेग येतो. म्हणून आच मोठी हवी, भांडे रुंद आणि उथळ हवे, तुकडे एका थरात मावतील इतकेच हवेत. तुकडे उडत राहिले की प्रत्येक बाजू क्रमाक्रमाने तव्याला लागते, वाफ मोकळी होते, आणि कोणतीही एक बाजू करपत नाही. भांडे गच्च भरले तर वाफ आतच कोंडते आणि अन्न स्वतःच्या पाण्यात शिजते. त्या क्रियेला फ्रेंचमध्ये 'एत्युवे' हे निराळेच क्रियापद आहे. लोण्यात काही पाणी आणि दुधाचे घन अंश असल्याने ते मोठ्या आचेवर लवकर काळे पडते, आणि म्हणून फ्रेंच स्वयंपाकी ते कढवून, गाळून घेतात. आपल्या घरचे साजूक तूप या कामाला उत्तम आहे.

फ्रान्समध्ये २ फेब्रुवारीला 'शांदलर' नावाचा सण असतो. त्या दिवशी एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने तव्यातली पातळ धिरडी हवेत उडवून पुन्हा झेलायची प्रथा आहे. नीट झेलले तर वर्षभर पैशाला कमी पडत नाही, अशी समजूत आहे. त्यालाही 'फेर सोते ले क्रेप' असेच म्हणतात, आणि तेथे उडी अक्षरशः उडी असते.

सराव : काचऱ्या फ्रेंचमध्ये

सरावासाठी परका पदार्थ शोधू नये. पुण्यातल्या घरोघरी होणाऱ्या बटाट्याच्या काचऱ्या या 'पॉम द तेर सोते' याच वर्गातल्या आहेत. त्यांतही फ्रेंच स्वयंपाकी दोन प्रकार करतात, उकडलेल्या बटाट्यांचे आणि कच्च्या बटाट्यांचे. आपल्या काचऱ्या कच्च्यांच्या, म्हणजे 'आ क्रु'. मंडईतून आणलेला बटाटा समोर ठेवूनच पुढील वाक्ये मोठ्याने म्हणावीत.

प्रथम मूळ रूपात: 'एप्ल्युशे ले पॉम द तेर ए ले कुपे आं रोंदेल', म्हणजे बटाटे सोलावेत आणि त्यांच्या चकत्या कराव्यात. 'फेर शोफे ल बर दांझ्युन प्वाल', म्हणजे तव्यात लोणी तापवावे. 'शोफे'मध्ये वर सांगितलेला 'शो', म्हणजे गरम, ओळखू आला पाहिजे. नंतर 'ई फेर सोते ले पॉम द तेर आ फ वीफ', म्हणजे त्यात बटाटे मोठ्या आचेवर परतावेत. सुरुवातीचा 'ई' म्हणजे 'त्यात'. तोही सर्वनामाप्रमाणे 'फेर'लाच चिकटतो.

मग हीच वाक्ये आज्ञार्थात बदलावीत. 'एप्ल्युशे' आणि 'कुपे' यांचा उच्चार तसाच राहील, फक्त स्पेलिंगच्या अंती 'ई-आर'ऐवजी 'ई-झेड' येईल, आणि 'ले कुपे'चे 'कुपे-ले' होईल. 'फेर शोफे'चे 'फेत शोफे' होईल. 'ई फेर सोते'चे 'फेत-झी सोते' होईल. त्यातला 'झ' हा 'फेत'च्या स्पेलिंगमधला एरवी मुका असलेला 'एस' आहे, जो पुढे स्वर आल्यामुळे जागा होतो.

शेवटी भूतकाळ, तोही एकाच वाक्यात, म्हणजे दोन्ही नियम शेजारी दिसतील: 'वोआसी ले पॉम द तेर क झे एप्ल्युशे, क झे कुपे ए क झे फे सोते', अर्थात हे पाहा मी सोललेले, कापलेले आणि परतलेले बटाटे. लिहिताना पहिल्या दोन धातुसाधितांना 'ई-एस' जोडावे आणि तिसऱ्याच्या 'फे'ला काहीही जोडू नये.